तळ्यातल्या सगुणा

पाय पांघरुणात घ्या आधी. घेतले? तर एकदा काय झालं, पाणसई नावाच्या गावात सगळ्या मुलींचं नाव सगुणाच होतं. हसतेस काय गं ठमे? खरंच सांगते. संध्याकाळी एका आईनं हाक मारली की साठ पोरी जेवायला धावायच्या.

त्याला कारण होतं, बरं का. फार पूर्वी त्या गावात पाण्याचा टिपूस नव्हता. तेव्हा एका सगुणेनं बारा वर्षं एकटीनं खणून तळं काढलं. मग शंभर वर्षांनी शत्रू चालून आला, आणि गावचे पुरुष गेलेले बाजाराला. तेव्हा दुसरी सगुणा मुसळ घेऊन वेशीत उभी राहिली. अख्खं सैन्य माघारी गेलं. मग आणखी शंभर वर्षांनी साथ आली. घरचे घरच्यांना शिवेनात. तेव्हा तिसरी सगुणा घरोघर जाऊन आजाऱ्यांना पाणी पाजत राहिली. काय बायका होत्या! माझा तर सांगतानाही ऊर भरून येतो.

म्हणून मुलगी झाली की आत्या पाळण्यात वाकायची आणि कानात सांगायची, सगुणा. मग आईबाप निवांत. एवढ्या सगुणा असताना गावाला कसली काळजी?

आणि एका वर्षी तळं आटायला लागलं. आधी पायऱ्या उघड्या पडल्या. मग कमळं सुकली. मग म्हशी चिखलात रुतल्या. मधल्या डबक्यातून साती आसरा वर आल्या. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. त्या म्हणाल्या, “पाणी आम्ही धरून ठेवलंय. एक सगुणा एकटी खाली पाठवा, मग सोडू.”

झालं. दुपारपर्यंत गावात औषधाला सगुणा उरली नाही. “आमची? ती तर चंपा.” “आमची पहिल्यापासून गोजराच आहे की.” असली माणसं!

भिवरा कुंभारणीची एकुलती एक लेक नऊ वर्षांची होती. भिवरेनं तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, “बाय माझी, तू पण सांग, माझं नाव मंजुळा.”

पोरगी भ्यायली होती. रडतच म्हणाली, “आई, शेजारचं बाळ पाण्यावाचून निपचित पडलंय. आणि मी सगुणा आहेच ना गं.” आणि हात सोडवून गेली.

चिखल तुडवत ती डबक्याशी पोचली. पाणी दुभंगलं, ती खाली उतरली. तळाशी तीन म्हाताऱ्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. एकीच्या हाताला घट्टे, एकीपाशी मुसळ, एकीपाशी तांब्या. ओळखल्या ना?

आसरा म्हणाल्या, “या तिघी म्हणत होत्या, एक तरी येईल. आम्ही म्हणत होतो, कुणी यायचं नाही. हरलो बाई आम्ही.”

मुसळवालीनं विचारलं, “भ्यालीस का गं?”

“हो.”

“मी पण भ्याले होते. हातातलं मुसळ लटलट कापत होतं. लोकांना वाटलं, मी ते फिरवतेय.”

मग आसरांनी पाणी सोडलं. असं भरभरून आलं की पोरीला वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. तिचा श्वास संपत आला.

काठावर सगळा गाव खाली मान घालून उभा होता. एकटी भिवरा घसा फाडून ओरडली, “सगुणेऽ!”

तळ्यातून ओ आली. एक नाही, चार आवाजांत. भिवरेनं स्पष्ट ऐकली. आणि त्या हाकेच्या दिशेनं तीन म्हाताऱ्यांनी पोरीला असं वर ढकललं, की ती थेट आईच्या पदरात.

मग तळं भरलं, बाळ पाणी प्यालं, मायलेकी सुखानं राहिल्या.

त्या तिघींनी का ओ दिली म्हणतेस? अगं, इतक्या वर्षांनी कुणाची तरी आई त्यांच्या नावानं हाक मारत होती. निजा आता.