चार विती नळी

फार पूर्वी, रान जेव्हा गावाच्या उंबऱ्यापर्यंत येत असे, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराखालच्या एका गावात सगळ्या गावाची मिळून एकच बंदूक होती. ज्वारी निसवली की रानडुकरे उतरत. मग गावचा राखणदार ती बंदूक खांद्यावर टाकून शेताच्या कडेने फिरे.

एका वर्षी ऐन हंगामात बंदुकीची नळी तोंडाशी फाटली. राखणदार ती घेऊन कारागिराकडे गेला.

कारागीर म्हातारा होता. तरुणपणी तो दूरच्या शहरात एका उस्तादाकडे बारा वर्षे शिकला होता. नळीच्या आत आटे कसे पाडायचे, गोळी कशी सरळ जाते, सगळे त्याने वहीत उतरवून आणले होते. उस्तादाने निघताना दिलेली एक नवी नळी त्याच्याकडे अजून जपून ठेवलेली होती. चांगली चार विती लांब. तशी दुसरी मिळणार नव्हती.

"काका, हीच बसवा," राखणदार म्हणाला. "फक्त लांबी बेताची करा. पंधरा दिवसांत कापणी आहे."

"करतो," कारागीर म्हणाला. "पण बेताची म्हणजे किती? लोखंड कापता येतं बाबा, वाढवता येत नाही."

त्याने वही उघडली. लांब नळीने नेम लांबवर धरता येतो, पण ती जड आणि झाडीत अडते. आखूड नळी चटकन फिरते, पण लांबचा नेम चुकतो आणि बार कानठळ्या बसवतो. हे त्याला पाठ होते. सगळीकडे चालेल अशी लांबी कोणती, हे मात्र वहीत नव्हते. उस्तादाने सांगितले नव्हते, की आपणच लिहून घ्यायचे राहिले, हेही आता त्याला आठवेना.

म्हणून तो गावात विचारायला गेला.

पाटलांचे शेत माळावर होते. पाटील म्हणाले, "कापता कशाला? असू दे चारच्या चार विती. इथून मारलं तर त्या बांधावर लागायला पाहिजे."

कळकाच्या, म्हणजे जाड बांबूच्या बेटाशेजारी बुरूड राहत होता. तो हसून म्हणाला, "चार विती? मग राखणदाराला म्हणावं, बंदूक कळकात अडकवून ठेव आणि डुकराला म्हण, थांब जरा, सोडवतो. दोन विती पुष्कळ."

कारागिराने घरी येऊन नळीवर खडूने दोन खुणा केल्या. मग दोन्हींच्या मधोमध तिसरी केली. मग वाटले, मधली म्हणजे माळावरही अपुरी आणि कळकातही लांबच. ती पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली.

पाच दिवस गेले. राखणदार रोज येई आणि दारात टेकून उभा राही. त्याच्या हाती आता नुसती काठी आणि पत्र्याचा डबा असे. दिवसभर डबा बडवून त्याचे खांदे उतरले होते.

"काका, निदान आहे तशी तरी द्या. लांब तर लांब."

"अर्धवट काम माझ्या हातून बाहेर जात नाही," कारागीर म्हणाला. त्याचेही डोळे जागरणाने लाल झाले होते. "लोक म्हणतील, एवढा शिकला आणि असली बोजड बंदूक दिली. उद्या नक्की ठरवतो."

"उद्या," राखणदार म्हणाला आणि गेला. भांडायलाही त्याच्यात जोर उरला नव्हता.

दहाव्या दिवशी नळीवर अकरा खुणा होत्या. त्याच दिवशी सूर्य कलताना कळकाच्या बेटातून एक सुळेवाला डुक्कर निघाला. राखणदाराने डबा बडवला. डुकराला आता त्या आवाजाची सवय झाली होती. तो थेट अंगावर आला आणि राखणदाराची मांडी फाडून गेला.

लोकांनी त्याला खाटेवर घालून घरी आणले. वैद्य म्हणाले, जीव वाचेल, पाय मात्र पहिल्यासारखा व्हायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखणदाराची बायको कारागिराच्या दारात उभी राहिली. कारागीर ऐरणीपाशी मान खाली घालून बसला होता.

"पोरी, मला बोल," तो म्हणाला. "काय बोलायचं ते बोल."

"बोलायला वेळ नाही, काका. आजपासून राखण मला करायची आहे. नळी द्या इकडे."

तिने चार विती नळी उचलली. खांद्याला लावली, उजवीकडे वळली, डावीकडे वळली. मग तशीच बाहेर गेली. कारागीर काठी टेकत तिच्या मागे निघाला. ती कळकाच्या बेटात शिरली. नळी दोनदा अडली. ती मागे सरली, हात पुढे सरकवून पुन्हा शिरली. शेवटी तिने पदराच्या काठाचा एक दोरा ओढून काढला आणि नळीला बांधला.

"इथं कापा."

कारागिराने वितीने मोजले. अडीच विती आणि दोन बोटे. अकरा खुणांपैकी एकीवरही तो दोरा नव्हता.

"पण पोरी, माळावर ही कमी पडेल."

"काका, ह्या दहा दिवसांत डुकरं किती वेळा आली, ठाऊक आहे?"

 कारागिराने लांबी सगळ्यांना विचारली होती. हे विचारले नव्हते.

"नऊ वेळा. सात वेळा ह्याच बेटातून, दोनदा माळावरून."

"आणि ती दोनदा?"

"तेव्हा चार पावलं जास्त चालेन. नळी कमी पडली तर पाय आहेतच की." ती गावाकडे वळली. "माझे तरी आहेत."

घरी येऊन कारागिराने करवत घेतली. करवत दोऱ्यावरून हलली नाही. दुपारपर्यंत त्याने तोंड कानसून साफ केले, टोकाला नेमाची माशी बसवली, नळी जुन्या लाकडी दस्त्यावर चढवली आणि बंदूक तिच्या हाती दिली. सारे काम एका दिवसाचेही नव्हते.

तिसऱ्या दिवशी तो सुळेवाला बेटाच्या तोंडाशीच पडला. माळावरून आलेला एक मात्र लांबून निसटला, आणि पाटील महिनाभर म्हणत राहिले, "मी सांगितलं होतं, चार विती ठेवा."

उरलेली ज्वारी घरात आली. राखणदार पुढे काठी घेऊन चालू लागला, एक पाय ओढत.

नळीचा कापलेला तुकडा कारागिराने टाकला नाही. वीत आणि चार बोटांचा तो तुकडा त्याने ऐरणीच्या वर टांगला. कोणी येऊन विचारले, "काका, सगळ्यात चांगली लांबी कोणती हो?" तर तो वही उघडत नसे. तो विचारी, "बंदूक उचलणार कोण? आणि डुक्कर येतं कुठून?" मग खिडकीतून बाहेर बघे. रस्त्यावरून काठीचा आवाज जाई तेव्हा तो बोलायचा थांबे, आणि आवाज लांब गेल्यावरच हातोडी उचली.

यातून घ्यायचे तात्पर्य: सगळीकडे पुरेल असे माप शोधत बसू नये. आपले काम जास्त कुठे पडते ते पाहून माप ठरवावे आणि जे कमी पडेल ते पायांनी चालून भरून काढावे. आपण ठरवत बसतो तेव्हा कोणीतरी नुसत्या डब्यावर रान राखत असतो.