साळूचा काठ

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी एक रान होते. पावसाळ्यात तिथे जिकडेतिकडे ओहोळ खळाळत. पण उन्हाळा चढला की सगळे आटून जात आणि पाणी उरे ते एका डोहात. त्या डोहाला एक राखणदार असे. पाणी स्वच्छ ठेवायचे आणि लहानमोठ्या सगळ्यांना ते प्यायला मिळेल असे पाहायचे, एवढेच त्याचे काम. दर वर्षी सावरीची बोंडे फुटून कापूस उडू लागला की प्राणी डोहावर जमत आणि राखणदार निवडत. एक उमेदवार पूर्वेच्या काठावर उभा राही, दुसरा पश्चिमेच्या. ज्याला जो हवा, त्याने त्याच्या काठावर जाऊन उभे राहायचे. अर्जुनाच्या झाडावरून एक म्हातारा वानर दोन्ही काठ पाही आणि निकाल सांगे.

पण कित्येक वर्षे पश्चिमेच्या काठावर कुणी उभेच राहिले नव्हते. राखणदार होता एक रानडुक्कर, भल्यामोठ्या सुळ्यांचा. तो आणि त्याचा गोतावळा दिवसभर डोहात लोळत असत. गव्यांसारखी मोठी जनावरे आत शिरून खोल पाणी पीत. ससे, खारी, तितर यांच्या वाट्याला मात्र काठचा चिखल येई. मागच्या उन्हाळ्यात एका खारीचे पिल्लू त्या चिखलात रुतले. खार काठावरून जिवाच्या आकांताने ओरडत राहिली. रानडुक्कर हाकेच्या अंतरावर पहुडला होता. त्याने डोळे उघडून पाहिले आणि पुन्हा मिटले. पिल्लू वाचले नाही.

त्याच उन्हाळ्यात एका साळूने आटलेल्या ओढ्याच्या वाळूत झिरा खणला. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेले. पायाची नखे झिजेपर्यंत तिने वाळू उपसली, पाणी लागले, आणि मग जो येईल त्याला ती बाजूला सरून पिऊ देई. झिरा लहान होता, सगळ्या रानाला पुरणारा नव्हता. तरी त्याच्यावर कितीतरी पिल्ले जगली. साळूने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. ती मुळातच अबोल होती.

या वर्षी सावरीचा कापूस उडू लागला, तशी पिल्लू गमावलेली ती खार साळूच्या बिळापाशी गेली आणि म्हणाली, "ताई, यंदा पश्चिमेच्या काठावर तू उभी राहा."

साळू दचकलीच. आपल्याला चार जणांत बोलता येत नाही, आपल्याकडे द्यायला काही नाही, आणि रानडुकराशी वैर घेऊन आपण राहायचे कुठे, असे तिने एकामागून एक सांगितले. खारीने सगळे ऐकून घेतले.

"बोलायचं काम आम्ही करू," ती म्हणाली. "तू फक्त उभी राहा. तिथे कुणी उभंच नसेल, तर आम्ही जायचं कुणाकडे?"

साळूने बराच वेळ विचार केला आणि होकार दिला.

रानडुकराच्या बाजूने सगळी जमवाजमव करायला एक कोल्हा होता. त्याने पूर्वेच्या काठावर मोहाच्या फुलांचे ढीग लावले. सकाळ-संध्याकाळ तिथे पंगती उठू लागल्या. एका उंच खडकावर उभा राहून कोल्हा मालकाचे गुण गाई, आणि जाता जाता हेही सांगे की कोण पंगतीला आले आणि कोण आले नाही, हे मालकांच्या ध्यानात राहते.

खारीजवळ मोहाची फुले नव्हती आणि खडकही नव्हता. मग तिने आपल्या ओळखीच्यांना एकेक करून विचारले, "तुला काय येतं?" शिंपीण पक्षीण म्हणाली, मला पाने शिवता येतात. साळूच्या अंगावरून गळालेले काळेपांढरे काटे बिळाभोवती पडलेलेच असत. शिंपिणीने उंबराची मोठाली पाने घेतली, सावरीच्या कापसाचा धागा वळला आणि प्रत्येक पानावर एकेक काटा शिवून टाकला. ही निशाणे तिने डोहाच्या वाटेवरच्या करवंदीच्या जाळ्यांना टांगली. वारा आला की ती फडफडत, आणि येणारे-जाणारे थांबून बघत.

सातभाई पक्षी तर घोळक्याने फिरणारे आणि सदा कलकलाट करणारे. त्यांना वाटले, आपण झुडपाझुडपातून साळूची स्तुती करत हिंडावे. खार म्हणाली, स्तुती कोल्हा करतोच आहे, तुम्ही नुसते विचारा. मग सातभाई प्रत्येक झुडपापाशी जाऊन विचारू लागले, "मागच्या उन्हाळ्यात तुम्हाला पाणी कसं मिळालं?" आणि जन्मात पहिल्यांदाच गप्प बसून ऐकू लागले. ससे बोलले, तितर बोलले. एका आंधळ्या म्हाताऱ्या मुंगशिणीने तर सांगितले की गेल्या कित्येक वर्षांत मला हे कुणी विचारलेच नव्हते. निवडीच्या दिवशी यायची इच्छा आहे, पण वाट कोण दाखवणार, असेही ती म्हणाली. सातभाईंनी तिला शब्द दिला, आम्ही पुढे बोलत राहू, तुम्ही आवाजामागून या.

लेकुरवाळ्या आयांची अडचण वेगळी होती. पिल्ले टाकून त्या डोहावर येणार कशा? खारीने आपल्या बहिणींना गोळा केले आणि घरोघरी निरोप धाडला की त्या दिवशी पिल्ले आम्ही सांभाळू.

हे सगळे पाहून कोल्ह्याने एक नवीच आवई उठवली. साळू रागावली की काटे फेकून मारते, असे तो सांगत सुटला. तिला राखणदार केलेत तर पाणी पिताना पाठीत काटे घुसतील, असेही म्हणाला. ही भीती जुनी होती. रानात अनेकांना ते खरेच वाटे. सशांनी साळूच्या वाटेने जाणे सोडले. शिंपिणीची निशाणे बघायलाही कुणी थांबेना.

एका सकाळी डोहावर गर्दी असताना साळू पाणी प्यायला आली. तिला पाहताच सगळे मागे सरले आणि मधे मोठी मोकळी जागा पडली. साळू मान खाली घालून तिथेच उभी राहिली. तेव्हा खार झाडावरून उतरली. त्या मोकळ्या जागेतून ती सरळ चालत गेली, साळूच्या पाठीवरच्या काट्यांमधून हळूच वाट काढत वर चढली आणि तिथे बसून शेपटी साफ करू लागली. साळू मुळीच हलली नाही. मग खार तशीच उतरली आणि कोल्ह्याकडे वळून म्हणाली, "काटे फेकले जात नाहीत, कोल्होबा. तिच्या अंगावर जो धावून जातो, त्यालाच ते लागतात."

दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या रानात पोचली, आणि सशांची वाट पुन्हा साळूच्या बिळावरून जाऊ लागली.

आता मात्र रानडुक्कर चिडला. इतके दिवस तो या खटपटीला पोरकटपणा म्हणून हसत होता. निवडीच्या आदल्या दिवशी तो चिखलातून उठला आणि वाटेवरच्या करवंदीच्या जाळ्या त्याने सुळ्यांनी उपटून काढल्या. निशाणे पायाखाली तुडवली. शिंपिणीच्या कितीतरी दिवसांच्या कामाचा चेंदामेंदा झाला. जाताना तो बजावून गेला, "उद्या पश्चिमेच्या काठावर जो दिसेल, त्याने परवा पाण्याला यायचं नाही."

शिंपीण उपटलेल्या जाळीवर सुन्न होऊन बसली. साळू तिच्याजवळ आली आणि म्हणाली की आता पुरे झाले, माझ्यामुळे तुम्हाला तहानेने मरू देणार नाही, मी माघार घेते.

खार म्हणाली, "ताई, माझं पिल्लू गेलं, तेव्हा आम्ही कुठे त्याच्या विरोधात होतो? तेव्हा तर आम्ही सगळे पूर्वेच्याच काठावर उभे होतो."

तेव्हा इतके दिवस दुरूनच बघत राहिलेली एक चितळी पुढे आली. तिने मातीत पडलेला एक काटा तोंडात धरला आणि आपल्या गवतातल्या आसऱ्यापाशी नेऊन उभा रोवला. तिच्यामागून एक ससा आला. मग दुसरा. मग तितर. कुणी कुणाला सांगत नव्हते, पण संध्याकाळपर्यंत बिळांच्या तोंडाशी, ढोल्यांत, झुडपांच्या बुंध्याशी काटे उभे राहिले. रानडुक्कर फिरतीवर आला तेव्हा त्याने पहिला काटा तुडवला, दुसरा तुडवला. पुढे बघितले तर जिकडेतिकडे काटेच. वाटेवरची जाळी उपटता येते; पण सगळ्या रानाची दारे तो किती उपटणार? तो तसाच मागे फिरला.

दुसऱ्या दिवशी, ऊन कोवळे असतानाच, प्राणी डोहावर जमले. रानडुक्कर पूर्वेच्या काठावर उभा राहिला आणि साळू पश्चिमेच्या. बराच वेळ साळू एकटीच होती. सगळे मधेच घुटमळत होते, एकमेकांची तोंडे बघत होते. तेवढ्यात सातभाईंचा कलकलाट ऐकू आला. त्यांच्या आवाजामागून आंधळी मुंगशीण चाचपडत येत होती. ती वाटेत कुठेही न थांबता थेट साळूशेजारी जाऊन उभी राहिली. मग मात्र बांध फुटावा तसे झाले. खार गेली, शिंपीण गेली, ससे आणि तितर गेले, पिल्लांची काळजी मिटलेल्या आया गेल्या, चितळी गेली.

तरीही मुलांनो, साळू जिंकली नाही. गवे मोहाच्या फुलांना जागले. डुकरांचा गोतावळा मोठा होता. पुष्कळ जण मनातून साळूकडे होते, पण पायांनी पूर्वेकडे गेले, कारण रानडुकराची धमकी त्यांच्या कानांत होती. म्हाताऱ्या वानराने दोन्ही काठ पुन्हा पुन्हा निरखले आणि खरे तेच सांगितले, पूर्वेचा काठ जास्त भरला आहे, राखणदार रानडुक्करच. कोल्हा खडकावर चढून हसला आणि पश्चिमेच्या काठाला म्हणाला की झाली ना हौस, आता जा घरी.

ते घरी गेले. पण त्यांनी आज एक गोष्ट पाहिली होती, जी आजवर कुणालाच दिसली नव्हती. रानडुकराला कंटाळलेले आपण किती जण आहोत, ते त्यांना समोरासमोर उभे राहून कळले होते. निघताना खारीने सगळ्यांना सांगितले, "उद्या उजाडताच पाण्याला यायचं. सगळ्यांनी, एकदम."

आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच ते आले. ज्यांना पाण्याला यायची बंदी होती ते सगळे आले, साळूला मधे घेऊन. काल भीतीने पूर्वेला उभे राहिलेलेही काही जण त्यांच्यात गुपचूप सामील झाले. रानडुक्कर नेहमीसारखा पाण्यात लोळत होता. त्याने मान वर केली.

"काल निवडून मी आलो आहे," तो गुरगुरला.

"हो, तुम्हीच आलात," खार म्हणाली. "मग आता राखणदारी करा. उठा, पाणी गढूळ होतंय."

रानडुकराने सुळे उगारले. कुणी जागचे हलले नाही. त्याने कोल्ह्याकडे पाहिले, तर कोल्हा खडकावरून कधीच उतरून गेला होता. आपल्या भाऊबंदांकडे पाहिले, तर ते आधीच पलीकडच्या दलदलीकडे सरकू लागले होते. शेवटी रानडुक्कर उठला आणि अंगावरून चिखल निथळत पाण्याबाहेर आला. पाणी निवळेपर्यंत सगळे थांबले. मग खारीने आपल्या यंदाच्या पिल्लाला काठाशी आणले आणि ते पोटभर पाणी प्यायले.

तात्पर्य : सगळे मिळून उघडपणे उभे राहिलेल्यांचा पराभव करता येतो, पण त्यांना पुन्हा घाबरवता येत नाही, म्हणून ज्याला जे येते त्याने ते घेऊन आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहावे.