गोजरा शिंपिणीची पिसांची बंडी

आपल्या पणज्यांनीही ज्यांना पाहिलं नाही, त्या माणसांच्या काळातली ही गोष्ट. सातपुड्याच्या माथ्यावर हिवरमाळ नावाचं गाव होतं. तिथली थंडी अशी की पहाटे रहाटाचा दोर काठीसारखा ताठ व्हायचा.

गावाजवळच्या खिंडीत जहागीरदाराची चौकी होती. गावातल्या पुरुषांनी पाळीपाळीनं तिथं पहारा द्यायचा, आणि अंगावर घोंगडी घ्यायची नाही, असा त्याचा हुकूम होता. ऊब लागली की डोळा लागतो, म्हणे. दर हिवाळ्यात खिंडीतून कुणाचं तरी प्रेत खाली यायचं. एका वर्षी धावजी शिंप्याचं आलं.

धावजीची बायको गोजरा. ती रडली, आणि दिवसकार्य झाल्यावर तळ्यावर गेली. तिथं उत्तरेकडून आलेली बदकं उतरत. त्यांची गळलेली मऊ पिसं लव्हाळ्यात अडकून राहत. ती ओटीत वेचू लागली.

"पिसांनी कुठं ऊब येते का गं?" बाया म्हणाल्या.

"या तळ्यात पाखरं रात्र काढतात. ती काय घोंगडी पांघरतात?" गोजरा म्हणाली.

तिनं जुन्या लुगड्याचे दोन पदर घेतले. पिसं बाहेर येऊ नयेत म्हणून कापडाला आतून मेण घासलं. पहिल्यांदा सगळी पिसं सरकून खाली गोळा झाली, खांदे रिकामे पडले. तिनं सगळं उसवलं. मग लहान लहान चौकटी शिवल्या, एकेका चौकटीत चिमूटभर पिसं भरली आणि तोंड बंद केलं. अशी लांब बाह्यांची बंडी झाली. असं म्हणतात, ती तळहातावर ठेवली तर हातावर काही आहे असं वाटायचं नाही.

धावजीच्या घरची पाळी पुन्हा आली तेव्हा गोजरा स्वतः बंडी घालून खिंडीत उभी राहिली. त्या वर्षी थंडीची लाट आली. दगडांवर बर्फ धरलं, झाडांची सालं तडकली. गोजरा उभीच होती. असं म्हणतात, तळ्यावरची पाखरं उडून आली आणि तिच्या पायांशी टेकून बसली.

खबर गढीवर पोचली. उजाडताना जहागीरदार शाल पांघरून शिपायांसह वर आला.

"हुकूम ठाऊक नाही?" त्यानं विचारलं.

"ठाऊक आहे, सरकार. घोंगडी नाही घेतली. आणि झोपलेही नाही."

"काढा ती बंडी हिच्या अंगातून."

शिपाई हलले नाहीत. तेही हिवरमाळचेच होते. त्यांचे भाऊ याच खिंडीत उभे राहत.

मग जहागीरदारानं स्वतः खंजीर काढला आणि बंडीची एक चौकट फाडली. तेवढ्याच चौकटीतली पिसं उडाली, बाकीची जागची हलली नाहीत. गोजरानं पदराला टोचलेली सुई काढली, त्याच्याकडे बघत उडती पिसं धरली, आत भरली आणि चौकट शिवली.

"तुम्ही फाडा," ती म्हणाली. "मी शिवते."

त्यानं दुसरी फाडली, तिनं शिवली. त्यानं आणखी फाडल्या, तिनं त्याही शिवल्या. वारा सुटला होता. बंडीच्या उबेत गोजराची बोटं चालत होती आणि जहागीरदाराची निळी पडत होती. असं म्हणतात, शेवटी त्याची मूठच मिटेना. खंजीर दगडावर पडला, आणि तो उचलायला कुणी वाकलं नाही.

जहागीरदार खाली निघून गेला. त्यानं हुकूम कधी मागे घेतला नाही आणि गावानं तो पुन्हा कधी पाळला नाही. पुढच्या हिवाळ्यात घराघरांत चौकटी शिवल्या जात होत्या.

आता चौकी नाही, जहागीरदारही नाही. तरी मार्गशीर्ष लागला की हिवरमाळच्या बाया गोजराचं नाव घेऊन तळ्याकाठी पिसं वेचतात आणि सगळ्या मिळून एक बंडी शिवतात. घरटी एक चौकट. ती बंडी खिंडीतल्या झाडाला टांगून ठेवतात. थंडीनं काकडलेला कुणी वाटसरू आला, तर त्यानं ती घालायची आणि पुढं निघायचं. कुणी नेली, हे गाव विचारत नाही. झाड रिकामं दिसलं की बाया दुसरी शिवायला बसतात.