उपाशी धोंड

निवळेवाडीच्या शाळेसमोर, उतरणीच्या वाटेवर, एक सपाट काळी धोंड आहे. चार माणसं आरामात टेकतील एवढी. घाट चढून आलेला पाहुणा हटकून तिथंच बसतो. त्यानं शिदोरी सोडायला घेतली, की गावातलं कुणीतरी येऊन हळूच सांगतं, की बसा, पाणी प्या, पण इथं खाऊ नका. तिला उपाशी धोंड म्हणतात. गावाची आणखी एक रीत आहे. दिवेलागणीनंतर कुठल्याही घरी जा, ताटं मांडलेली असतात, भाकरी झाकलेली असते आणि घरातलं एखादं पोर मोठ्यानं एक पान वाचत असतं. ते संपल्याशिवाय घासाला कुणी हात लावत नाही. पाहुण्याला भूक लागलेली असली तरी त्यानंही थांबायचं.

हे असं का, म्हणून विचारलं की धोंडीनाना शेलार सांगायला बसतात. त्यांनी आजोबांकडून ऐकलं, आजोबांनी त्यांच्या चुलत्याकडून. नाना सांगताना घाई करत नाहीत.

फार वर्षांमागं, घाटात गाडीवाट नव्हती तेव्हा, या शाळेत रखमाजी सणस नावाचे मास्तर होते. एकटा जीव. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. सत्तावीस घरांचं गाव आणि चार इयत्तांना मिळून हा एकच माणूस. बावीस वर्षं त्यांनी पोरांना अक्षरं गिरवायला लावली, म्हणे. पोरं शिकायची, सही करण्यापुरती झाली की गुरांमागं जायची, आणि दोन पावसाळ्यांत सगळं पुसून जायचं. मग तीच पोरं मोठी होऊन कागद घेऊन मास्तरांच्या दारात उभी राहायची. पत्र आलं, मास्तर वाचा. नोटीस आली, मास्तर वाचा. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, मास्तर वाचा. साऱ्या गावाला डोळे दोनच, आणि तेही थकलेले. शाळेच्या कपाटात एकोणीस पुस्तकं होती, पण साहेब तपासणीला आले तर फाटकी दिसायला नकोत, म्हणून कपाटाला कायम कुलूप. मास्तरांना पूर्वी त्याचं वाईट वाटायचं. पुढं पुढं तेही वाटेनासं झालं.

एका माघात कोंडाबाई नावाची विधवा बाई त्यांच्याकडं पत्र घेऊन आली. तिची थोरली लेक सगुणा घाटाखाली दिलेली. ही सगुणा मास्तरांचीच विद्यार्थिनी. चौथीनंतरही वाचणं न सोडलेली अशी ती एकटीच, आणि पत्र तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं. मास्तरांना दोन दिवस कणकण होती. दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसलेला. त्यांनी पत्र उघडलं, वरच्या चार ओळी वाचल्या, की येथील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी. अशी शेकडो पत्रं त्यांनी वाचली होती, आणि पुढं काय असणार हे ठाऊक आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि सांगितलं, की पोरगी सुखात आहे. कोंडाबाई समाधानानं घरी गेली.

पत्र पाच दिवस तिच्या कोनाड्यात पडून राहिलं. धाकटी भागू तिसरीत होती. वाचायला लागली की अडखळायची, म्हणून मास्तरांनी तिला मागच्या ओळीत बसवून सोडून दिलेलं. बहिणीची आठवण आली म्हणून तिनं तो कागद काढला आणि एकेक अक्षर जुळवत, बोट ठेवून, संध्याकाळभर वाचत बसली. खालच्या ओळींत सगुणानं लिहिलं होतं, की सातवा सरतोय, पोटात सारखं दुखतं, इथं कुणी बघत नाही, मिळंल त्या माणसाला घेऊन मला न्यायला या.

कोंडाबाई दोन पुतणे आणि डोली घेऊन पहाटेच निघाली. पण खाली पोचायला दोन दिवस लागले. सगुणा आदल्याच दिवशी मोकळी झाली होती. मूल राहिलं नव्हतं. तिला डोलीत घालून वर आणलं, तेव्हा सगळं गाव वाटेवर उभं होतं.

मास्तर दुसऱ्या दिवशी कोंडाबाईच्या घरी गेले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. सगुणा भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर बघून एवढंच विचारलं, "मास्तर, माझं अक्षर लागलं नाही का?"



मास्तर म्हणाले, "लागलं असतं गं. मी पुढं वाचलंच नाही."

त्यांना वाटलं, आता कोंडाबाई तोंड सोडेल. सोडलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण ती चुलीपुढून उठली नाही. पाठमोरीच म्हणाली, "एकल्या माणसानं गावाचं किती वाचायचं, मास्तर? दमणारच की."

हे मात्र त्यांना सोसलं नाही, असं सांगतात. तिथून ते थेट शाळेत आले आणि कपाटाचं कुलूप काढलं. एकोणीस पुस्तकं आणि सत्तावीस घरं, मेळ बसेना. तेव्हा त्यांनी पुस्तकांची शिवण उसवली. पानं सुटी केली आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या हाती घरोघर एकेक पान दिलं. संध्याकाळी जेवणाआधी हे घरच्यांना वाचून दाखवायचं, सकाळी आणून द्यायचं, नवं न्यायचं. ज्या घरात पोर नाही तिथं शेजारच्यानं जायचं. आणि त्यांनी नवस बोलला, की सत्तावीस घरांतून वाचल्याचा आवाज आल्याशिवाय मी रात्रीचा घास घेणार नाही. सकाळची भाकरी तेवढी खाईन, कारण शाळा चालवायची आहे.

त्या दिवशी दिवे लागल्यावर ते वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत चालत गेले. आवाज एकाच घरातून आला, कोंडाबाईच्या. भागू अडखळत वाचत होती. मास्तर परत येऊन शाळेपुढल्या धोंडेवर बसले, पाणी प्यायले आणि झोपायला गेले.

गावानं आधी हे मनावर घेतलं नाही. आठ दिवसांनी मास्तरांचा सदरा खांद्यावरून लोंबायला लागला, तेव्हा बायका बोलू लागल्या. आपल्या दारची भाकरी परत गेली तरी जिवाला लागतं, इथं तर माणूस आपल्यापायी उपाशी झोपतोय. दहा घरं वाचू लागली, मग पंधरा. आणि पाणवठ्यावर एक वेगळीच गंमत सुरू झाली. पानं सुटी असल्यामुळं एका घरात गोष्टीचं तोंड, दुसऱ्या घरात धड. न उठणाऱ्या हत्तीची एक गोष्ट होती. राजाचा हत्ती एके दिवशी बसला तो उठेचना. वैद्य झाले, मांत्रिक झाले. पुढं काय झालं, म्हणून बायका घागरी भरायच्या सोडून एकमेकींना विचारायच्या.

त्या गोष्टीचं शेवटचं पान हणमंता कदमाकडं गेलेलं. सव्विसांनंतर राहिलेलं घर तेवढंच. हणमंता हट्टी गडी, वाचून गुरं राखली जात नाहीत म्हणायचा. पोरीनं आणलेला कागद त्यानं आढ्याला खोचून ठेवला होता. एका संध्याकाळी त्याच्या अंगणात बायका, म्हातारे, पोरं येऊन बसली. भांडायला कुणी आलं नव्हतं. हत्ती उठला का, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. हणमंतानं बराच वेळ बघितलं, मग कागद काढून लेकीच्या हातात दिला.

ती वाचत होती तेव्हा मास्तर धोंडेवर बसले होते. तो एकोणचाळिसावा दिवस होता, म्हणे. सत्ताविसाव्या घरातला आवाज त्यांना तिथवर ऐकू आला. ते उठले, भिंतीचा आधार घेत खोलीवर गेले. त्या रात्री ते जेवले, की नुसतेच झोपले, हे कुणाला ठाऊक नाही. त्यानंतर साहेब आले, उसवलेली पुस्तकं पाहून त्यांनी वाईट शेरा मारला, आणि मास्तर त्याच शाळेत म्हातारे झाले. पुढं भागू त्यांना त्यांचीच पत्रं वाचून दाखवायची, कारण त्यांचे डोळे गेले होते.

आजही निवळेवाडीत दिवे लागल्यावर वाचन होतं. पोरं थोडी उरली आहेत. सत्तावीस घरांपैकी अकरांना कुलपं लागली, माणसं शहरात गेली. वाचणारी पोरं दिवसभराची दमलेली असतात, कधी कंटाळतात, कधी ओळ गाळतात आणि म्हाताऱ्या त्यांना ती परत वाचायला लावतात. मग आपलं घर झालं, की शेजारच्या बंद दारासमोर उभं राहून दोन ओळी तिथंही वाचायच्या असतात. मास्तरांनी नवस बोलताना घरं मोजली होती, असं सांगतात.