पाच हजार तलवारी आणि एकच नाव

एका राज्यात एक राजा होता. नाव उग्रकेतू, पण उग्र म्हणाव्यात त्या फक्त मिशा. मनाने फार दयाळू, आणि दयाळू राजा घाईत असला की प्रजेने देव आठवावा.

शेजारच्या राज्यावर राक्षसांची धाड आली. तिथल्या राजाचा जासूद धावत आला. "तलवारी द्या, महाराज, नाहीतर बुडालो." आमच्या राजाला रडू कोसळलं. मिशा पुसून तो म्हणाला, "पाच हजार देतो. महिन्याच्या आत."

त्या राज्यात तलवारीची एक रीत होती. तापल्या पात्याला पाणी पाजताना, ती ज्याच्यासाठी घडवली त्याच्या आईचं नाव लोहाराने पात्याला सांगायचं. मग ती तलवार त्याच माउलीच्या लेकराच्या हाती चाले. दुसऱ्याने उचलली तर डोंगराएवढी जड होई. आणि नावाशिवाय पाणी पाजलं तर पातं तडकून जाई.

राजाचा लोहार गिरमाजी. हात सोन्याचे, जीभ मिरचीची. तो दरबारात उभा राहिला.

"महाराज, पाच हजार परक्या शिपायांच्या आयांची नावं कुठून आणू?"

प्रधान म्हणाला, "नावाचं मागाहून बघू." प्रधान मंडळींचं सगळंच मागाहून असतं, अक्कलसुद्धा.

गिरमाजीने डोकं खाजवलं, तेव्हा त्यातून एक युक्ती पडली. आई कुणाला नसते? त्याने प्रत्येक पात्याला एकच नाव पाजलं, "आई." एकही पातं तडकलं नाही. महिन्याच्या आत पाच हजार तलवारी गाड्यांवर चढल्या, लोहाराच्या खांद्यावर शाल चढली. आईच्या पोटी चोरही जन्मतो, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. तुमच्या तरी आलं होतं का? उगा माना डोलवू नका.

राक्षस हरले. तलवारी उरल्या. शेजारच्या राजाच्या कोठाराच्या रखवालदाराने त्या ज्वारीच्या पोत्यांवर बदलल्या, ज्वारीवाल्याने दारूच्या बुधल्यांवर, आणि दारूवाल्याकडून त्या दरोडेखोरांनी नेल्या. सगळेच आईचे लेक, कुणाच्याच हाती जड झाल्या नाहीत. अशा त्या हातोहात आपल्याच राज्यात परत आल्या.

एका दुपारी दरोडेखोरांनी गिरमाजीच्या गावचा बाजार लुटला. त्याची लेक हौसा कासाराकडे बांगड्या भरायला बसली होती. कासार जागीच गेला. हौसाच्या खांद्यावर वार बसला. हळद भरली, पाला बांधला, पण रक्त थेंब थेंब चालूच राहिलं. उशाशी तिची दोन वर्षांची पोर कुसुंबी "आई, आई" करत बसली. तेवढा एकच शब्द तिला येई.

गिरमाजी टेकडीवरच्या चेटकिणीकडे गेला. ती लसूण सोलत होती.

"बाई, लेक वाचवा."

"वार तुझ्याच लोखंडाचा, लोहारा. पाजलेलं नाव परत घे. एकीतून घेतलंस की सगळ्यांतून निघेल, आणि लेक वाचेल."

"कसं घेऊ?"

"तीन कामं कर. ती नेमकी तलवार शोध. ती धरणाऱ्याने स्वखुशीने तुझ्या हाती द्यावी. आणि जिथलं माणूस तिने मारलं, त्या घरचं पाणी तिला पाज."

"बदल्यात काय घ्याल?"

"मी काही घेत नाही. पण ते नाव तुझ्या घरातून जाईल. पुन्हा कुणाच्या तोंडी येणार नाही."

गिरमाजी हसला. "माझी आई जाऊन वीस वर्षं झाली. हाक मारायचीय कुणाला? कबूल."

चेटकिणीने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लसूण घेतला.

माळावर टिटवी भेटली. टिटवीच्या पोटात काही राहत नाही.

"टिटवीबाई, बाजारातली तलवार कुणाची?"

"नायकाची, नायकाची! पळसदरीत बसलाय, मटण शिजवतोय, मीठ जास्त झालंय!"

गिरमाजी धारवाला झाला. सहाणेचं चाक खांद्यावर मारून पळसदरीत शिरला. नायकाने तलवार पुढे केली. पात्यावर गिरमाजीचाच शिक्का.

"नीट धार लाव, म्हाताऱ्या. राजाघरची वस्तू आहे."

"तुम्हाला कशी मिळाली, नायक?"

"राजाने शेजाऱ्याला दिली, शेजाऱ्याने आम्हाला. प्रसाद आहे रे, सगळ्यांना पोचतो."

सगळे खदाखदा हसले. गिरमाजीही हसला, काय करतो.

"हिला चाक पुरायचं नाही. भट्टी दाखवावी लागेल. नेऊ का?"

"खुशाल ने. उद्या दुपारच्या आत आण मात्र. खिंडीतून लग्नाचं वऱ्हाड यायचंय."

तिसरं काम दोन घरं पलीकडे होतं, पण गिरमाजीला ती वाट सगळ्यांत लांब वाटली. कासाराची बायको दुर्पदा ओसरीवर बसली होती.

"वहिनी, तांब्याभर पाणी द्या."

"प्या की, भाऊजी."

"प्यायला नको. ज्या तलवारीने कासार गेला, ती माझ्या हातची. तिला पाजायचंय."

दुर्पदा म्हणाली, "तुमची धार फार चांगली असते, भाऊजी. त्यांना कळलंसुद्धा नसेल, असं लोक म्हणतात. खरं का?"

गिरमाजीने जन्मभर हजार थापा मारल्या होत्या. ही एक त्याने जमिनीकडे बघत मारली.

"खरं, वहिनी."

तिने तांब्या काठोकाठ भरून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी पेटली. पातं लाल झालं. गिरमाजीने ते पाण्यात बुडवलं आणि निघालेली वाफ नावासकट श्वासात ओढून घेतली. कट्‌ करून पातं तडकलं. त्याच घटकेला पाच हजार पाती तडकली. खिंडीत वऱ्हाडावर धावून गेलेल्या दरोडेखोरांच्या हाती नुसत्या मुठी राहिल्या. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना काठ्यांनी झोडपून काढलं. राजाने दवंडी पिटवली, नाव ठाऊक नसेल तर तलवार नाही. हे आपण आधीच म्हणालो होतो, असं प्रधान म्हणाला.

इकडे हौसाची जखम मिटली. ती उठून बसली, भाकरी मागितली. कुसुंबी दुडदुडत आली. तोंड उघडलं. श्वास आला, शब्द आला नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा नाही.

"बोल ना ग, बाळे," हौसा म्हणाली.

गिरमाजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

राज्य सुखी आहे. बाजार भरतात, वऱ्हाडं सुखरूप पोचतात. कुसुंबी आता सगळं बोलते, आजोबांना टोमणेसुद्धा मारते. तेवढी एक हाक सोडून. हौसा हवी झाली की ती पदर ओढते, आणि हौसा "ओ" देते.

कधी कधी पोर दूर अंगणात खेळत असते, पदराला कुणाचा हात नसतो. तरी चुलीपुढे बसलेली हौसा मधूनच म्हणते, "ओ."