इंजिन नक्की कुणाचं?

ओतूरच्या यमुनाताई खरमाळे स्वतःची पिकअप स्वतः चालवत आणि गावातले टोमॅटो नारायणगावच्या बाजारात पोचवत. कारखान्यातच इंजिनात दोष राहिला म्हणून कंपनीने त्या मॉडेलच्या साऱ्या गाड्या परत बोलावल्या, तेव्हा ताईंनाही नवं इंजिन बसवून मिळालं. महिनाभरात तेही बंद पडलं!

ऐन तोडणीचे दिवस, शेतात माल पिकून लाल झालेला. ताई गाडी ओढून आणून थेट शोरूममध्ये शिरल्या. मॅनेजर सबनीसांनी कागद चाळले आणि चारचौघांत ऐकू जाईल असं सांगितलं, "बाई, वॉरंटी तुमच्या जुन्या इंजिनाच्या नंबरवर आहे. हे इंजिन तुमच्या कागदात नाहीच. नियम म्हणजे नियम!"

ताईंचे कान तापले, पण आवाज गोडच राहिला. "म्हणजे साहेब, हे इंजिन माझं नाही?"

"कागदाप्रमाणे नाही."

"आणि वॉरंटीतलं ते जुनं माझं?"

"अर्थात!"

"मग तुमचं हे काढून घ्या आणि माझं मला आत्ता बसवून द्या."

"ते कसं देणार? ते आम्ही कधीच भंगारात घातलं!"

"अगं बाई! माझं वॉरंटीतलं इंजिन मला न विचारता भंगारात? साहेब, एवढंच एका कागदावर लिहून सही करून द्या. पुढचं मी बघते."

बाकीचे गाडीवाले खो-खो हसू लागले. सबनीसांनी पेन उचललं, परत ठेवलं आणि ते वर्कशॉपकडे तोंड करून ओरडले, "अरे, ताईंच्या गाडीसाठी स्टोअरमधून नवीन इंजिन काढा! आणि बसवायच्या आधी त्याचा नंबर वॉरंटीच्या कागदावर चढवा!"