वाघजाईचा शेकलेला दांडा

लावा, हात लावा, देवी काही रागवत नाही. बघा, मधोमध कसा काळा पडलाय पालखीचा दांडा. शिरगणीत येणारा प्रत्येक जण विचारतो, आजी, पालखी जळली होती का? अहो, शुभ बोला की! जळलेला नाही, शेकलेला आहे. आणि भिंतीकडेला ते जुने रंधे कुशीवर ठेवलेत ना, पातं काढलेले, तेही त्याच गोष्टीमुळं. बसा, सांगते. मी इथल्या सुतारांची थोरली सून, द्वारका. रंधा मी जन्मात मारला नाही, पण त्याच्या ढलप्यांवर चूल पेटवून सगळं आयुष्य काढलं.

किती जुनी गोष्ट ते मला विचारू नका, माझ्या आजेसासूलाही ठाऊक नव्हतं. तेव्हा गावात भानोजी नावाचा सुतार होता, आमचा मूळपुरुष म्हणे. त्याचा रंधा शिसवाचा, हाताला जड. चार लाकडं नापसंत करून पाचव्यातून घडवलेला. तो म्हणायचा, रंधा निवडताना आधी उलटा करून तळ बघा, सरळ आहे का. मग तोंड बघा. ज्या फटीतून ढलपी वर येते ती जितकी बारीक, तितकं काम गुळगुळीत. आ वासलेल्या तोंडाचा रंधा लाकूड ओरबाडतो. माणसांचंही तसंच असतं, पण ते जाऊ दे. भानोजीच्या रंध्यातून कांद्याच्या पापुद्र्यासारखी ढलपी निघायची, असं सांगतात.

पण त्या घराला एक दुखणं होतं. भानोजीच्या बापानं एका भर पावसाळ्यात, फुगलेल्या दांड्यावर रंधा फिरवला होता. तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. चैत्रात लाकूड सुकलं, दांडा पालखीच्या कड्यांत खुळखुळायला लागला आणि यात्रेच्या उतारावर पालखी घसरली. एक भोई तिच्याखाली सापडून गेला बिचारा. बापानं पुन्हा रंधा हातात धरला नाही. नवा दांडा भानोजीनं घडवला, ऐनाच्या लाकडाचा, कडक उन्हाळ्यात. आणि देवीपुढं शपथ घेतली, ओल्या दांड्याला मी रंधा लावणार नाही.

मग एका वर्षी पाऊस दसरा आला तरी हटेना. नवमीला दांडा कड्यांत घालायला घेतला, तर जाईना. तेल लावलं, ठोकून पाहिलं, छे! पाटील म्हणाले, "भानोजी, दोन हात रंधा मार."

"नाही पाटील," तो म्हणाला. "आज काढलेलं लाकूड चैत्रात कुठून आणू?"

पाटलांचं नाव हैबतराव. माणूस वाईट नव्हता हो. पण दसऱ्याला देवी सोनं लुटायला शिवेबाहेर गेली नाही तर गावावर अरिष्ट येईल, ही त्यांना धास्ती. दसऱ्याच्या सकाळीही सुतार ऐकेना, तेव्हा ते तापले. "दिवस मावळायच्या आत पालखी शीव ओलांडणार नसेल, तर तू ओलांड. बायकोला घेऊन!"

भानोजीनं रंध्याची पाचर सैल केली, पातं काढून देवीच्या पायाशी ठेवलं आणि घरी गेला.

त्याची बायको चिमा. ती रडली, भांडली. "एक हात मारा हो. एकच. कोण बघतंय?"

"रंध्याचा हात पुढं जातो, चिमे. मागं येत नाही."

"आणि घर गेलं म्हणजे? ते येणारे मागं?"

भानोजी हत्यारं गोळा करायला लागला. मग तिनं डोळे पुसले आणि गाठोडं बांधलं. दोन लुगडी, तवा, थोडे दाणे. चुलीतला विस्तव खापरात घेतला, नव्या गावात पहिल्याच दिवशी परक्याच्या दारात आग मागायला नको म्हणून.

शिवेची वाट देवळावरूनच जाते. चिमा शेवटचं पाया पडायला आत शिरली. मंडप ठिकठिकाणी गळत होता, तेव्हा विस्तव विझू नये म्हणून खापर तिनं दांड्याखाली सरकवलं. दांडा दोन घडवंच्यांवर आडवा होता. डोक्यावरचं गाठोडं तसंच ठेवून ती देवीशी भांडायला लागली. "तुझ्या पालखीसाठी हात आवरला त्यांनी, आणि गाव आम्हीच सोडायचं होय गं?" किती वेळ बोलत होती, तिचं तिलाही भान नव्हतं. भानोजी खांबाशी मान खाली घालून उभा होता.

त्याचंच लक्ष गेलं म्हणे. खापराच्या वर दांड्याला घाम फुटला होता. बारीक बारीक थेंब, आणि वाफ. त्यानं तळवा लावून पाहिला, लाकूड ओल सोडत होतं.

"चिमे, खापर उचलू नकोस. आणि जवळही सारू नकोस, लाकूड तडकेल."

निरोप द्यायला आलेल्या बायका दारातच होत्या. त्यांनी हे पाहिलं आणि पदर खोचून घरोघर धावल्या. कुणी खापरात, कुणी घमेल्यात, ज्या घरात चूल होती त्या घरचा विस्तव मंडपात आला. भानोजी दांडा हळूहळू फिरवत राहिला, भाकरी शेकावी तसा. दिवस डोंगराला टेकायला आला तेव्हा पहिल्या कडीत दांडा सरकला. मग दुसऱ्या.

ढोल वाजला, गुलाल उधळला. चिमा मात्र एका कडेला उभी, गाठोडं डोक्यावर. राहा असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं ना! हैबतराव गर्दीतून वाट काढत आले. स्वतःच्या हातांनी गाठोडं उतरवून घेतलं आणि सगळ्या गावादेखत म्हणाले, "चुकलं माझं, बाई. राहा." पुढच्या चैत्रात त्याच उतारावरून पालखी जराही न हलता खाली आली.

आजही दसऱ्याला, पाऊस असो नसो, घरोघरचा विस्तव या मंडपात येतो. सुतारांची सून गाठोडं डोक्यावर घेऊन शिवेकडं चालू लागते. पाटलांच्या घरचा कर्ता पुरुष आडवा येतो, गाठोडं उतरवतो आणि तेच शब्द म्हणतो. त्याशिवाय पालखी उचलत नाहीत. एकतीस वर्षं मी गेले, आता माझी सून जाते. पहिल्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं होतं, गाठोड्यात चिंध्या भरू का? केवढ्या कडाडल्या! म्हणाल्या, "खरं सामान भर. पाटलाच्या तोंडून शब्द निघाला नाही, तर खरंच जायचंय." शब्द निघाला नाही असं कधी झालं नाही. पण तो कानावर पडेपर्यंत दर वर्षी मी शिवेकडंच तोंड करून उभी राहायचे, आणि गाठोडं उतरवताना पाटलांच्या हाताला आतला खरा तवा लागायचा.